प्रतिजन ओळख

कवठे महांकाळजवळच्या त्या गावात डॉक्टर उत्कर्षा बर्फाची पेटी घेऊन उतरली, तेव्हा देवळासमोर माणसांची ही भली मोठी रांग लागली होती. मेंढी मात्र औषधालाही नव्हती.

सगळी करामत तिच्या साहेबांची, म्हणजे लालासाहेबांची. जंतूच्या अंगावरच्या ज्या खुणेवरून शरीर शत्रूला ओळखतं, तिला जग अँटिजेन म्हणतं. साहेबांना मराठीचा भारी कळवळा, म्हणून फलकावर 'मेंढ्यांच्या खोकल्यावरील लसीसाठी प्रतिजन ओळख शिबिर' असं आलं. ग्रामपंचायतीच्या जोतीरामने त्याची फोड केली, प्रति जन, म्हणजे दर माणशी. मग भोंग्यावरून सांगून टाकलं, आधारकार्ड घेऊन या.

"अहो, मेंढ्या कुठायत?" उत्कर्षाने विचारलं.

"रानात," रांगेतले मेंढपाळ नानासो म्हणाले. "तुमी मानसं बलिवली न्हवं?"

"मला खोकणाऱ्या मेंढीच्या नाकातला शेंबूड हवाय. त्यातला जंतू सापडला तर लस होईल."

"मग शेंबूड लिवायचा की, बाय," रांगेतल्या रंगुबाई म्हणाल्या. "त्यो समद्यांस्नी कळतो."

नानासोंचा चेहरा उतरला. त्यांच्या निम्म्या मेंढ्या धापा टाकत मेल्या होत्या आणि उरलेला कळप उद्या कराडकडे निघणार होता. "थांबा, एक घिऊन येतो," म्हणत त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "किती प्रतिजन ओळखले? वर कळवायचंय."

"सर, नुसती माणसं आलीत. मेंढी एकही नाही."

"शब्द शासनमान्य आहे. तुम्ही आकडा सांगा."

उत्कर्षाचं डोकं फिरलं. "सगळे ओळखले, सर. दोनशे. फोटोसकट."

"दोनशे? आमच्या उभ्या हयातीत दोन सापडले नाहीत." फोन कट झाला. घाबरून ती परत परत लावत राहिली, पण साहेब वर कळवण्यात गुंतले होते.

तासाभरात आदेश आला. उद्दिष्टापेक्षा जास्त प्रतिजन ओळखल्याबद्दल अभिनंदन. काम पूर्ण झाले असल्याने यापुढील नमुने प्रयोगशाळेने स्वीकारू नयेत, पेटी परत यावी. ड्रायव्हरने ती गाडीत ठेवलीसुद्धा.

नानासो मेंढीला पोटाशी धरून आले. तिच्या नाकाला फेस होता आणि छाती भात्यासारखी चालली होती. उत्कर्षाला स्वतःची लाज वाटली. खाली मान घालून तिने झालं ते सांगितलं.

नानासोंनी पटक्याच्या शेवाने मेंढीचं नाक पुसलं.

"म्हंजे आमची समद्यांची वळख पटली," ते म्हणाले. "आता हिला कोन वळखायचं?"