नायकाचा डावा कान

मुलीनं आईवडिलांना नाटकांची सहल भेट दिली आणि घरातली शांतता गेली. मोठ्या शहरात तीन दिवस राहायचं, तिथं चाललेल्या सहा नाटकांपैकी तीन बघायची आणि परत यायचं, एवढंच काम. कोणती तीन ते आईला विचारून ठरवा, असं मुलीनं फोनवर दोनदा बजावलं होतं. काकांनी दोन्ही वेळा "हो, हो" म्हटलं, फोन ठेवला आणि पट्टी-पेन्सिल शोधायला लागले.

काका म्हणजे बसस्थानकावरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. उभी हयात त्यांनी गाड्या सोडण्यात आणि कर्ण्यावरून त्यांची घोषणा करण्यात घालवली होती. आवाज असा, की बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि समोर दिसेल त्या गाडीत चढून बसायचा. नोकरी सुटली, पण वेळापत्रक काही सुटलं नाही. घरात दूध तापवण्यापासून अंथरूण घालण्यापर्यंत प्रत्येक कामाला वेळ होती आणि क्रमांक होता. प्रवाशांना विचारून गाडी सोडायची रीत त्यांच्या डेपोत नव्हती, मग घरात कुठून येणार?

काकूंचं निराळं होतं. गावातल्या हौशी नाटक मंडळीत त्या वर्षानुवर्षं प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाचं पुस्तक ठेवायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य त्याला ऐकू जाईल, पण पहिल्या रांगेला जाणार नाही, इतक्याच आवाजात सांगायचं. मंडळी त्यांना कुजबुजकाकू म्हणायची. ‘पाहुणा घरचाच’ हे मंडळींचं हुकमी नाटक. वर्षाकाठी दोन-तीन प्रयोग तरी व्हायचेच. काकूंना ते अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. इस्त्री करताना, भांडी विसळताना त्या अख्खा अंक एका दमात म्हणून टाकत, आणि काका शेजारी पेपर वाचत बसलेले असत.

पण ते नाटक काकूंनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे समोरून पाहिलं नव्हतं. विंगेतून त्यांना दिसायचा तो नायकाचा डावा कान. तो कान त्या हजारांत ओळखतील. नायिकेची पाठ दिसायची, तिच्या वेणीतल्या पिना दिसायच्या. पुस्तकात लिहिलं होतं की मागच्या खिडकीतून एक झाड दिसतं. काकूंना त्या झाडाची प्लायवूडची मागची बाजू आणि खिळे तेवढे ठाऊक होते. एकदा, फक्त एकदा खुर्चीत बसून, मांडीवर पुस्तक न घेता ते नाटक बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता ती मंडळीही मोडली होती. म्हणून सहा नाटकांच्या पत्रकात ‘पाहुणा घरचाच’ हे नाव दिसलं तेव्हा काकूंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

काकांनी मात्र पहिली काट मारली ती त्याच नावावर.

"हे नको. हे तुला पाठ आहे."

"समोरून पाहिलेलं नाही मी कधी," काकू म्हणाल्या.

"बाजूनं काय आणि समोरून काय, नाटक तेच ना? गाडीत पुढच्या दारानं चढा की मागच्या, पोचायचं तिथंच पोचतो माणूस."

काकांच्या बाजूनंही थोडं सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. मागच्या वर्षी गावात बाहेरचं एक नाटक आलं होतं, नेमकं काकूंच्या माहितीतलं. सवयीनं काकू प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणत राहिल्या. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांनी आधी मान वळवली, मग डोळे वटारले, आणि शेवटी उठून लांब जाऊन बसले. तेव्हापासून काकांना सर्दी झाली तरी ते त्या दवाखान्यात पाऊल ठेवत नव्हते. शिवाय त्यांना मनापासून वाटत होतं की जे पाठ आहे त्याचा बायकोला कंटाळाच आला असणार. रोजच्या मार्गावरून हौसेनं फिरायला जाणारा ड्रायव्हर त्यांनी तरी पाहिला नव्हता.

"आणि एक सांगून ठेवतो," ते म्हणाले, "या सहलीत प्रॉम्प्टिंग अजिबात करायचं नाही. कोणी चुकू दे, अडखळू दे, आपटू दे. आपण तोंड उघडायचं नाही."

"बरं," काकू म्हणाल्या.

मग आत्या आल्या. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, शेजारच्याच गल्लीत राहणारी. भावानं कुठं जायचं म्हटलं की त्यांची पिशवी भरलेलीच असे. त्यांच्या अटी साध्या होत्या. नाटकात कोणी मरायला नको, गाणी हवीत, आणि खुर्ची कडेची हवी. काकांनी सगळं ऐकून वेळापत्रक आखलं. कुठलं नाटक आधी, कुठलं नंतर, ते बघून सगळ्या नाटकांना स्वतःचे क्रमांक घातले. एक नंबर हसवणारं, तीन नंबर गाण्यांचं, चार नंबर कौटुंबिक. बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं इतकं ते देखणं झालं होतं.

तिकिटांसाठी त्यांनी नाट्यगृहाला फोन लावला. काकू शेजारीच इस्त्री करत होत्या आणि टेबलावर ते छापील पत्रक उघडं पडलं होतं. काकांनी डेपोतल्या आवाजात एक, तीन आणि चार नंबरची प्रत्येकी तीन तिकिटं मागितली. नावं वाचून खात्री करून घ्या, असं पलीकडची मुलगी म्हणाली असावी, कारण काका जरा दुखावले. नंबर सांगितल्यावर नाव विचारायचं नसतं, असं त्यांनी तिला समजावलं. काकूंनी इस्त्री क्षणभर उचलून धरली, पत्रकाकडे पाहिलं, आणि मग ती पुन्हा शर्टाच्या कॉलरवर टेकवली.

घोटाळा उघडा पडला तो शहरात पोचल्यावर, तिकीट खिडकीपाशी. क्रमांक पत्रकातही छापलेले होते आणि तिथल्या मुलीनं अर्थातच ते धरले होते. काकांचे क्रमांक फक्त काकांच्या कागदावर होते. हातात पडली एका मूकनाट्याची तिकिटं, एका खुनाच्या नाटकाची आणि ‘पाहुणा घरचाच’ची. बदलून देण्याची सोय नव्हती, बाकीचे प्रयोग भरले होते. काकांचा चेहरा पडला, पण मान काही खाली गेली नाही. वळून त्यांनी दोघींना सांगितलं, की ऐनवेळी मी बेत बदलला आहे, नेहमीचं बघण्यात काय अर्थ, माणसानं वेगळं काहीतरी बघावं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना रे?" आत्यांनी विचारलं. काकूंनी तिकिटं पर्समध्ये ठेवली.

मूकनाट्यात तीन माणसं अंगाला पांढरा रंग फासून एक न दिसणारी भिंत ढकलत होती. कोणी बोलत नाही हे पाहून आत्यांना वाटलं की माईक बिघडलाय. त्यांनी दरवाज्यावरच्या माणसाला बोलावून दोनदा तक्रार केली. मुद्दामच बोलत नाहीत, असं त्यानं सांगितल्यावर, मग तिकीट कशाचं घेतलंत, असा आत्यांनी बिनतोड सवाल केला. मध्यंतरानंतर त्यांना झोप लागली. त्यांचं घोरणं हा त्या प्रयोगातला एकमेव आवाज, आणि मागच्या रांगेतल्या काहींना तो नाटकाचाच भाग वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नाटकात पडदा उघडतो न उघडतो तोच एक माणूस मेला. आत्यांनी जे डोळे गच्च मिटले ते उघडलेच नाहीत. एक पात्र पडलं की त्या भावाला कोपरानं ढोसून विचारायच्या, "उचललं का त्याला?" शेवटी खुनी कोण ते काकांनाही कळलं नाही, कारण नेमक्या त्या वाक्याला ते आत्यांना पाणी पाजत होते.

राहिलं संध्याकाळचं ‘पाहुणा घरचाच’. काकांना डॉक्टरांची वळलेली मान दिसायला लागली. लॉजवर चहा पिताना त्यांनी हळूच सुचवलं, की दोन नाटकं झालीच आहेत, तिसऱ्याऐवजी आपण बागेत जाऊ, म्हणे कारंजं फार छान आहे.

"तुम्ही जा बागेत," काकू म्हणाल्या. "मी नाटकाला जाणार आहे."

आवाज अगदी साधा होता. आत्यांनी बशी खाली ठेवली. काकांनी वेळापत्रकाकडे पाहिलं, पण अशा प्रसंगाला त्यात रकाना नव्हता. निघताना त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून लिंबाची एक मोठी गोळी घेतली आणि काकूंच्या हातात ठेवली. पडदा उघडला की तोंडात टाक, पहिला अंक तरी सुखरूप पार पडेल, असं म्हणाले. काकूंनी गोळी मुठीत धरली.

पडदा उघडला. मागच्या खिडकीतून झाड दिसत होतं. हिरवं, थोडं वाकलेलं, एका फांदीवर ऊन पडलेलं. काकू खुर्चीत पुढं सरकल्या. नायक आला. त्याला दोन कान होते, दोन डोळे होते, आणि तो बोलायच्या आधी नायिकेकडे कसा बघतो ते पुस्तकात कुठं लिहिलेलंच नव्हतं.

काका नाटक बघत नव्हते, काकूंचे ओठ बघत होते. ओठ हलत नव्हते. पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला, कुजबुज नाही की पुटपुट नाही. काकांना आधी हायसं वाटलं आणि मग चमत्कारिक वाटलं. कारण नट बोलायच्या आधी ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानात वाजत होतं. पुढचं, त्याच्या पुढचंही. इतकी वर्षं इस्त्रीच्या वाफेबरोबर येऊन ते सगळं त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी घाईघाईनं ओठ मिटून घेतले.

शेवटचा अंक आला. नायक कामधंद्यासाठी वर्षानुवर्षं बाहेर राहून घरी परतलेला आहे. येताना त्यानं बायकोसाठी पेटी भरून वस्तू आणल्या आहेत, आणि त्यातली एकही तिला नकोय. नायिकेनं पेटी मिटली आणि त्याच्याकडे वळली.

"इतक्या वर्षांत मला काय हवंय, ते एकदा तरी विचारलंत?"

नायक तिच्याकडे बघत उभा राहिला. बोलेना.

काका वाट बघत होते. नायक बोलेना. वाटेत थांबा नसताना गाडी उभी राहिली की ती बंद पडली, एवढं काका जाणून होते. बिचारा विसरला. भर सभेत, एवढ्या लोकांसमोर. त्यांनी काकूंना कोपरानं खुणावलं. काकू हलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांचं लक्षच नव्हतं. काकांनी पुन्हा खुणावलं. स्टेजवर तो माणूस तसाच उभा, अख्खं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं. एका माणसाची अब्रू जात होती आणि ती वाचवायचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"नाही विचारलं. चुकलं माझं."

कुजबुजायचंच होतं त्यांना. पण आयुष्यभर कर्ण्यावर बोललेला माणूस कुजबुजणार कसा? ते वाक्य शेवटच्या रांगेच्या मागच्या भिंतीला लागून परत आलं. आत्या खडबडून उठल्या आणि आता कोण गेलं, असं विचारू लागल्या. नायकाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण त्याच्यापाशी बोलायला काही उरलंच नव्हतं. त्यानं फक्त मान खाली घातली. नायिका मात्र जुनी जाणती होती. तिनं नायकावरची नजर काढून सरळ अंधारात, आवाज आला त्या दिशेला पाहिलं आणि आपलं पुढचं वाक्य शांतपणे म्हटलं.

"मग आता विचारा."

टाळ्या पडल्या, आणि बराच वेळ पडत राहिल्या. काका खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढे सरकले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

बाहेर पडताना एका गृहस्थांनी काकांचा हात हातात घेतला. प्रेक्षकांत नट बसवायची कल्पना फार आवडली, असं म्हणाले. काकांनी मान डोलावून पाय काढला. आत्या रिक्षा शोधायला पुढं गेल्या. दोघं फुटपाथवर दिव्याखाली उभी राहिली.

"अगं, मला वाटलं तो विसरला."

"विसरला नव्हता. तिथं थांबायचं असतं. सगळं नाटक त्या थांबण्यात आहे."

"पण तू घरी म्हणायचीस तेव्हा कधी थांबली नाहीस."

"घरी थांबायला सवड कुठं होती?"

काकांना इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आठवला. मग काकूच म्हणाल्या, "फोनवर तुमचे नंबर चुकत होते, ते मला तेव्हाच कळलं होतं. वन्संना त्या खुनांचा फार त्रास झाला, ते मात्र मनाला लागलंय माझ्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, कोणी चुकलं तरी तोंड उघडायचं नाही."

काका हसले. त्यांना हसू आलंच आणि थोडं रडूही आलं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. मधला सबंध दिवस त्यांनी वेळापत्रकात भरून ठेवला होता. खिशातला तो कागद त्यांनी काढला नाही.

"उद्या दिवसभर वेळ आहे," ते म्हणाले. "तुला काय करायचंय?"

काकू विचारात पडल्या. हा प्रश्न पाठातला नव्हता. समोरून गाड्या जात राहिल्या. काकांच्या ओठांवर बाग आली, कारंजं आलं, दुकानं आली. मग त्यांनी काकूंची मूठ उघडली. लिंबाची गोळी कागदासकट तशीच होती. कागद सोडवून ती त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली आणि काकू काय म्हणतात याची वाट बघत उभे राहिले.