तांदळे डॉक्टरांचा सत्ताविसावा पेपर

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तांदळे डॉक्टरांनी आहेर म्हणून एक खाकी पाकीट दिलं. चांगलं जाडजूड. बहिणीच्या सासूबाईंनी मोठ्या आशेनं फोडलं, तर आत नवजात बाळांच्या वजनावरचा डॉक्टरांचा पेपर. इंग्रजीत, सहीसकट. सासूबाई अजून आमच्याशी जपूनच बोलतात.

डॉक्टर माझे शेजारी. मेडिकल कॉलेजात शिकवायचे, घरी एकटे राहायचे आणि आई-बाळाच्या तब्येतीवर पेपर लिहायचे. मी केजला तहसीलसमोर टायपिंगचं दुकान चालवते. दुष्काळ पडला की टँकरचे, चारा छावणीचे अर्ज वाढतात. म्हणजे पाऊस रुसला की माझं बरं चालतं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. त्या गर्दीत डॉक्टर घुसायचे. "ताई, आपलं आधी. अर्ज लिहून टँकर येत न्हाई. हे छापून येतं!"

छापून येणं हाच त्यांचा धर्म. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत असं कुणी म्हटलं, की "याला आधार काय?" साखर कारखान्याच्या निवडणुकीत एक पुढारी मत मागायला आले, तर त्यांनाही विचारलं, "साहेब, तुमचं कुठं काय छापून आलंय का?" पुढारी खुशीत म्हणाले, "रोज फोटो येतो की!" डॉक्टरांनी त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

असे सव्वीस पेपर झाले. सत्ताविसावा आला की प्रोफेसर, असं ठरलेलं. त्यासाठी त्यांनी आसपासच्या गावांतल्या बाळांची जन्मल्या जन्मल्या वजनं घेतली होती. सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायची होती. पण त्या वर्षी विहिरी आटल्या आणि दसरा झाला तशी गावंच्या गावं ऊसतोडीला निघून गेली. बायका गेल्या, त्यांच्याबरोबर बाळंही गेली. मी टाईप केलेल्या तक्त्यात पानभर रकाने कोरे राहिले.

"त्या ओळी वगळा," त्यांचे विभागप्रमुख म्हणाले. "तक्ता स्वच्छ दिसेल. महिनाअखेर पाठवून द्या, खुर्ची तुमचीच."

मी वगळून टाईप केलं. तक्ता खरंच देखणा दिसत होता. डॉक्टर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या बाया काय हरवल्यात व्हय? ऊस तोडायला गेल्यात. पुन्हा घाला."

"अहो, पण महिनाअखेर?"

"तवर वजनं करून येऊ. तुमी चला संगं. बाया माझ्याशी बोलत न्हाईत."

हे मात्र खरं होतं. बायांसमोर या विद्वानाला शब्द सुचत नसे. मी कुरकुरत गेले.

कडा गावच्या कारखान्याजवळ उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, पडल्या होत्या. मजूर पुरवणारा मुकादम आडवा आला. "किती कोयते पाह्यजेत?" तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. डॉक्टरांनी वही उघडली. "कोयता न्हाई. सुभद्रा, जनाबाई, शांता." मुकादमाला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं.

काट्याला झोळी टांगली आणि वजनं सुरू झाली. "कारखाना ऊस तोलतोय, तुमी लेकरं तोला!" बाया हसत होत्या, बाळं किंचाळत होती आणि डॉक्टर लई खुशीत आकडे लिहीत होते.

सुभद्रा सगळ्यांत शेवटी आली. हात रिकामे होते.

"लेकरू न्हाई राह्यलं, साहेब. तापानं गेलं."

आता हे कितव्या दिवशी, किती ताप, असलं काहीतरी विचारणार म्हणून मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. पण त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं व्हतं?"

"ठेवलंच न्हवतं. बाळंत झाले अन् आठव्या दिवशी तोडीची गाडी आली. बारसं गावाकडं आल्यावर करू म्हणलं."

उरलेल्या बाया लांबच्या कारखान्यांवर होत्या. डॉक्टर रजा टाकून एकेक कारखाना पालथा घालत राहिले आणि महिना संपला. विभागप्रमुखांनी दुसऱ्याचं नाव पुढे पाठवलं. त्या दुसऱ्याचा तक्ता अगदी स्वच्छ होता म्हणे.

मी भडकले. "एक पान वगळलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं का?"

"सुभद्राच्या लेकराचं दुसरीकडं कुठंच काय लिव्हलेलं न्हाई, ताई. नाव बी न्हाई. माझ्या तक्त्यात एक वजन हाय, तेवढंच."



दोन वर्षांनी एका दुपारी ते दुकानात आले. हातात एकही कागद नाही, हेच नवल.

"सुभद्राला मुलगी झाली. काल वजन करून आलो. औंदा बारसं कोपीवरच करायलीय, थांबणार न्हाई म्हणाली. मला बोलवलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, बारशाला काय न्यायचं असतं?"

मला हसू आवरेना. "अहो, जन्मभर बाळांवर लिहिलंत आणि एवढं ठाऊक नाही?"

"कधी कुणी बोलवलंच न्हाई."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. आमच्याच घरी दोन बारशी झाली होती. दोन्ही वेळा आम्ही त्यांना ठरवून टाळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टायपिंगच्या मशीनवर कापड टाकलं आणि त्यांना घेऊन कापडाच्या दुकानात गेले.

"कुंची द्या एक," मी म्हटलं.

"बाळ केवढंय?" दुकानदारानं विचारलं.

"दोन किलो नऊशे," डॉक्टर म्हणाले.

दुकानदार माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी दोन्ही हात पुढे करून माप दाखवलं. माझं बघून डॉक्टरांनीही आपले हात तसेच पुढे केले, आणि कुंची बांधून होईपर्यंत ते तसेच धरून उभे राहिले.