मोटारीला जुंपलेले बैल

पुंडलिक ठेकेदारांची मोटार रात्री रामनगरला मुक्कामाला असे. सकाळी ती सुप्याला, मालकांच्या घरी, नेताना उमाजी ड्रायव्हर एकटा असे, आणि तेवढाच वेळ रेडिओ त्याचा असे. मालक बसले की रेडिओ बंद. त्यांना मोटारीत फक्त स्वतःचा आवाज चाले. म्हणून उमाजी झुंजूमुंजू होताच निघायचा. जंगल गप्प, रस्ता मोकळा, आणि मुंबईहून कुणी विद्वान माणूस त्याला एकट्याला दातांची निगा नाहीतर चंद्रग्रहण समजावून सांगतोय! उमाजीला सगळंच आवडे. शाळेत गेलो न्हाई, तर देवानं शाळाच मोटारीत बसवून दिली, असं तो म्हणे.

त्या दिवशी विषय होता कोंबड्यांचे रोग. मालकांची लेक शांती तान्ह्या बाळाला घेऊन सासरी निघाली होती, तिला लोंढ्याला आगगाडीवर पोचवायचं होतं. पण चढाला इंजिनाची घरघर वाढली आणि मानमोडीवरचा उपाय ऐकूच येईना. "एवढंच ऐकतो," म्हणत उमाजीनं मोटार कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मागून लाडूची बैलगाडी आली. गाडीत त्याची बायको बायजा, मांडीवर कोंबड्यांची डालगी.

"बिघाडली काय वं?" लाडूनं विचारलं.

"श्शू! कोंबड्यांचं सांगायलाय."

बायजा टुणकन उतरली. "माझ्या गेल्या साली माना टाकून मेल्या की! जरा मोठ्यानं लाव, अण्णा."

उमाजीनं मोठ्यानं लावला. भाषण संपलं, बायजानं रेडिओला हात जोडले. उमाजीनं किल्ली फिरवली. मोटार गप्प. उतरून हँडल मारलं. तरी गप्प. कोंबड्यांनी सगळी बॅटरी खाल्ली होती.

"ताईंची गाडी चुकली," उमाजी मटकन खाली बसला. "माझी नोकरी बी गेली."

"एवढं शिकवलंस, आन तुला वाटंवर टाकून जाऊ व्हय?" बायजा नवऱ्याकडं वळली. "अवो, बैल सोडा की!"

उन्हं चांगली वर आल्यावर सुप्यात आधी बैल आले, मग कासरा धरलेला लाडू, मग मोटार. स्टिअरिंगमागं मान खाली घालून उमाजी. मागच्या गादीवर, ऐटीत, बायजा आणि कोंबड्या. दारात मालक उभेच होते.

"मोटारीला बैल? मी जित्ता असताना?" मालक ओरडले.

शांती बाळाला घेऊन बाहेर आली. उमाजी पुटपुटला, "ताई, चुकलं माझं."

"चुकलं न्हाई, मामा," ती हळूच म्हणाली. डोळे भरले होते, पण हसत होती. "आणिक एक दिस मिळू दे म्हणून रात्री देवाला सांगितलं हुतं. तुमच्यामुळं मिळाला बघा."

तिच्या आईनं, गिरजाक्कानं, बैलांना पेंड घातली आणि बायजाला हाताला धरून जेवायला नेलं. मालक घसा खाकरत आत गेले.

संध्याकाळी मालकांच्या लाकडं वाहणाऱ्या लॉरीची बॅटरी लावून मोटार सुरू झाली. उमाजी रामनगरला निघणार, तोच मालक नातवाला खांद्यावर घेऊन जवळ आले. उमाजीनं धसकून हात जोडले.

"उद्या बी असतंय काय रे, भाषण?"

"असतंय, मालक."

"कशावर?"

"शेणखतावर म्हणत हुते."

नातवानं मुठीत धरलेली मिशी सोडवत मालक इकडंतिकडं पाहू लागले. मग गंभीरपणे म्हणाले, "शेणखत लई मोठा इषय हाय. पुरता ऐकूनच ये."