अपेक्षित घटना अद्याप घडलेली नाही

“बिस्किटं मऊ पडलीयत. आणि चहात साखर म्हणून काही नाहीच,” पडद्यापलीकडची बाळंतीण कुरकुरली आणि तिने पुढचं बिस्किट बुडवलं.

पडद्याअलीकडच्या बाळंतिणीने डोळे मिटून घेतले. तिला त्या घडीला मऊ बिस्किटच काय, अख्खा पुडा कागदासकट चालला असता. सिझेरियन होऊन दुसरा दिवस उजाडला होता आणि ओठ ओले करण्यापुरतं पाणी सोडलं तर तिच्या पोटात काहीही गेलं नव्हतं. रुग्णालयाचा नियम स्पष्ट होता. आतड्यांचं कामकाज पूर्ववत सुरू झाल्याची खात्री पटल्याशिवाय रुग्णाला चहा देता येत नाही. आणि आतडी ती खात्री एकाच प्रकारे देतात.

त्या प्रकाराचं नाव कुणीच घेत नव्हतं.

तशी या जोडप्याने तयारी काय कमी केली होती? दर शनिवारी बाळंतपणाच्या वर्गाला जाऊन दोघं श्वास घ्यायला शिकली होती. कळा सुरू झाल्यावर कोणतं संगीत लावायचं, नवऱ्याने हात कसा धरायचा, ‘तुला जमेल’ हे किती हळू म्हणायचं, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात नवऱ्याला बाहेर बसवलं, संगीत त्याच्या खिशातच वाजत राहिलं आणि बाळ पोट उघडून काढलं. श्वासाखेरीज माणसाच्या शरीरातून आणखीही काही बाहेर पडतं, हे मात्र वर्गात कुणी सांगितलंच नव्हतं.

खरं म्हणजे सकाळी सिस्टर आल्या, तेव्हा घटना घडून गेलेली होती. उजाडता उजाडता, बिनबोभाट. पण सिस्टरांनी विचारायला आणि सासऱ्यांनी पलंगापासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र उघडायला एकच गाठ पडली. सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर तिने साधी जांभईसुद्धा दिली नव्हती.

“काय, झालं का मोकळं?” सिस्टरांनी दारातूनच विचारलं.

वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता थांबलं.

“नाही अजून,” ती म्हणाली.

सिस्टरांनी केसपेपरवर फुली मारली. एकदा फुली पडली की घडलेलं न घडलेलं होतं. सासरे उठले की सांगू, असं तिने ठरवलं. पण सासरे उठेनात. “सूनबाई उपाशी असताना मी घरी जाऊन जेवू?” असं म्हणून त्यांनी डबा तिथेच उघडला.

शेवटी तिने नवऱ्याला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, “अरे, झालंय. पहाटेच.”

बाळ झाल्याचं कळलं तेव्हाही त्याचा चेहरा एवढा फुलला नव्हता. तो तडक सिस्टरांच्या टेबलाशी गेला.

“सिस्टर, आमच्याकडे थोडी प्रगती आहे.”

“कसली प्रगती?”

“म्हणजे... एकंदर वातावरणात.”

“अहो, मला वातावरण लिहिता येत नाही. झालं की नाही झालं?”

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, तर मागे सासरे पाण्याची बाटली घेऊन उभे. “काय म्हणतायत सिस्टर?”

“काही नाही, बाबा. गाडी कुठे लावायची ते विचारत होतो.”

दुसरी फुली पडली.

दुपारी सासऱ्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर रीतसर निवेदन टाकलं: ‘सूनबाईंची प्रकृती स्थिर. अपेक्षित घटना अद्याप घडलेली नाही.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मामांनी ‘आम्ही सर्व पाठीशी आहोत’ असं कळवलं. आत्याबाईंनी आमच्या वेळी इतका वेळ लागत नसे, असं खेदाने नमूद केलं. कसली घटना, हे एकानेही विचारलं नाही.

मग चालण्याचा हुकूम झाला. टाके सांभाळत ती व्हरांड्यात निघाली. एका बाजूला नुकत्याच आलेल्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला नवरा, मागे सलाईनचा स्टँड ढकलत सासरे.

“घाई नाही, सूनबाई,” सासरे अत्यंत आदराने म्हणाले. “आमचं दडपण मुळीच घेऊ नका.”

नेमकी त्याच क्षणी घटना दुसऱ्यांदा घडू पाहत होती. तिने ती दात-ओठ खाऊन परतवून लावली.

खोलीत आल्यावर सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि बाळाने कोणताही संकोच न बाळगता तेच कार्य दणक्यात पार पाडलं.

“अगं बाई! शहाणं गं माझं पिल्लू!” सासूबाईंनी त्याचा मुका घेतला. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून “शाब्बास!” म्हटलं. व्हिडिओ काढायचा राहिला म्हणून नवरा हळहळला. ही मोकळीक माणसाकडून नेमकी कोणत्या वाढदिवसाला काढून घेतात, याचा विचार करत आई आपल्या लेकराकडे पाहत राहिली. तेवढ्यात ते भुकेने रडायला लागलं.

“तुझ्याच पोटात काही नाही, तर त्याला काय येणार, बाळा?” सासूबाई पुटपुटल्या. या एका वाक्यावर तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई शिकाऊ डॉक्टरांचा ताफा घेऊन आल्या. त्यांनी पोट दाबलं, फुल्या पाहिल्या, पुन्हा पोट दाबलं.

“पोट तर छान मऊ आहे. पण कागद वेगळं सांगतोय,” त्या म्हणाल्या आणि शास्त्राला अनुसरून त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. “एक्स-रे काढा. नाकातून पोटात नळी घाला. आणि बाळाला आजची रात्र वरच्या मजल्यावर हलवा.”

“तो माझ्याजवळ नाही राहणार?” तिने विचारलं.

“अपेक्षित ते घडेपर्यंत नाही.”

सिस्टर ट्रेमध्ये नळी घेऊन आल्या. नळी चांगलीच लांब होती. आयाने बाळ उचललं. नवरा मोबाईलमध्ये शिरला, शिकाऊ डॉक्टर आपापले बूट पाहू लागले, सासऱ्यांनी सहानुभूतीने खिडकीकडे तोंड केलं. आणि तुम्ही, वाचकहो? तुम्हाला तर सकाळपासून सगळं ठाऊक होतं. पण चार माणसांत तसला शब्द कोण काढणार, म्हणून तुम्हीही सभ्यपणे गप्पच बसलात.

तिने ट्रे बाजूला ढकलला, ती कोपरावर जोर देऊन उठून बसली आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“पादले मी, बाबा! पहाटेच पादले!”