वॉशरच्या पांढऱ्या हिरड्या

रहाटणीपासून चाकणपर्यंत ज्योतीरामांइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुणाची नाही, असं खुद्द ज्योतीरामांचं मत होतं. या मताला आजवर कुणी विरोध केला नव्हता, कारण कुणाला ते विचारलंच नव्हतं. उभी हयात त्यांनी चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्यात काढली, आणि निवृत्त होताच ते गुन्हे शोधू लागले. पद्धत कंपनीचीच: पाच वेळा 'का?' विचारायचं. पाचव्या 'का'ला ऑपरेटरची चूक निघतेच निघते.

सध्याची केस घरातलीच होती. वॉशर नावाचं मांजराचं पिल्लू, परवापर्यंत पडद्यावर चढणारं, आता मान उचलत नव्हतं. दुधाला तोंड लावेना. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. निवृत्तीनंतर ज्योतीरामांची वाट पाहत दारात बसणारा हा एकच जीव होता.

"विषप्रयोग!" ते म्हणाले आणि शेजारच्या शेखरकडे गेले. वॉशरनं त्याच्या गाडीच्या सीटवर नखं मारली होती.

"राव, मी तर त्याला बोंबील घालतो," शेखर कळवळून म्हणाला. "मी पण तेच खातो."

"तुमचाही रंग मला बरा दिसत नाही," असं बजावून ज्योतीराम परतले.

मग संशय दुधावर. सॅम्पल म्हणून त्याच दुधाचा चहा ते दिवसभर प्यायले. दूध पास झालं.

शेवटी वॉशरच्या गोधडीवर काळे कण सापडले. त्यांनी ते पांढऱ्या कागदावर झटकले. "कारखान्याची काजळी! प्रकरण फार वरपर्यंत जाणार," असं म्हणत त्यांनी करकरा घोटा खाजवला. तपास रंगला की डास फार चावतात, हा त्यांचा अनुभव होता. पायाशी हवालदारही खाजवत होता. हवालदार म्हणजे चप्पलचोरीच्या तपासासाठी गल्लीतून भरती केलेला कुत्रा. चप्पल पुढे त्याच्याच तोंडात सापडली, तेव्हा 'मुद्देमाल हस्तगत केला' म्हणून त्याला बिस्कीट मिळालं होतं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी कस्तुराबाई भांडी सोडून आल्या. ओल्या हातांचे थेंब कागदावर पडले आणि काळ्या कणांभोवती लाल डाग पसरले.

"आवो, काजळी कुठली? हे रगत हाय!" त्यांनी वॉशरला उताणं करून पोटावरचे केस बाजूला केले. आत पळापळ झाली. "पिसवा! रगत पिऊन ही घाण टाकत्यात. एवढुसं पोर, त्याच्या अंगात रगत ते किती? उठा, दवाखाना गाठा आधी."

डॉक्टरांनी तेच सांगितलं. मोठं मांजर तगतं, पण इतकं लहान पिल्लू पिसवांमुळे रक्त कमी होऊन दगावू शकतं. त्यांनी पिल्लाच्या वजनाचं औषध दिलं, कुत्र्याची पिसवांची पावडर मांजराला विषारी, ती लावू नका म्हणून दम दिला आणि विचारलं, "घरात आणखी कोणी जनावर?"

घरी येताच ज्योतीरामांनी खाजवत बसलेल्या हवालदाराकडे पाहिलं. मग त्यांनी सवयीनं सुरुवात केली. "वॉशर पांढरं का पडलं? रक्त गेलं. का गेलं? पिसवा. पिसवा का? हवालदारामुळे. हवालदार घरात का? चप्पल शोधायला." ते थांबले.

"पाचवा राहिला," कस्तुराबाई म्हणाल्या. "एका चपलेपायी कुत्रं घरात का घातलं, आन् कुणी?"

ज्योतीरामांनी घोटा खाजवला. "ऑपरेटरची चूक," ते पुटपुटले.

काही दिवसांनी वॉशर लटपटत उठलं आणि त्यांच्या पोटावर चढून झोपलं. ज्योतीरामांचे डोळे भरून आले. त्याला हलवायचा त्यांना धीर होईना.

"ऑपरेटर," आतून हाक आली, "गरम पाणी काढलंय. गोधड्या झाल्या, आता सोफ्याची कव्हरं."