खातेदाराची खातरजमा

समोरचा माणूस तोच की दुसराच, हे ठरवण्याची प्रत्येक देशाची स्वतंत्र पद्धत असते, आणि प्रत्येक देशाला आपलीच शहाणपणाची वाटते. घरातली थोरली लेक नोकरीपायी देशोदेशी फिरे, त्यामुळे तिला हे शास्त्र तोंडपाठ होते. एका देशात कार्ड यंत्राला नुसते टेकवले की झाले. तुम्ही कोण, याच्याशी यंत्राला काडीचे देणेघेणे नसते. दुसऱ्यात चार आकडी पिन (शंभरातले नव्वद प्रवासी जन्मसाल ठेवतात, उरलेले दहा पिन विसरतात). तिसऱ्यात सही. दुकानदार ती कार्डामागच्या पुसट सहीशी ताडून पाहतो आणि दोन्ही वाचता आल्या नाहीत की समाधानाने मान डोलावतो.

सर्वांत अभेद्य व्यवस्था मात्र मायदेशाची. तिथे ओटीपी येतो. थोरलीचे खाते ती कॉलेजात असताना बाबांनी उघडले होते, म्हणून तो बाबांच्या फोनवर येई. ‘कोणालाही सांगू नये,’ असे त्यात बजावलेले असे. बाबा तो चौकशीअंतीच सांगत.

“कशाला?”

“बूट घेतेय, बाबा.”

“आधीच्यांना काय धाड भरलीय?”

या तपासणीपुढे एकही चोर टिकला नसता.

बाबा गेले तेव्हा थोरली सहीच्या देशात होती. शेवटचे तोंड पाहायचे तर संध्याकाळचेच विमान, आणि तिकीट मायदेशच्या कंपनीचे. ओटीपी नियमानुसार नोंदलेल्या क्रमांकावर, म्हणजे बाबांच्या उशाशी पोचला.

आईचा चष्मा सापडेना. पहिल्या ओटीपीची मुदत त्यातच संपली. दुसऱ्याला तिने बाबांचाच चष्मा चढवला.

“हं. आधी सांग, कशाला?”

“आई!”

“त्यांनी विचारलंच असतं गं.”

“तिकीट. घरी यायला.”

“मग घे. सत्तेचाळीस...”

थोरली वेळेत पोचली. दरम्यान बाबांच्या फोनवर आणखी एक संदेश आला होता: ‘हा व्यवहार आपण केला नसल्यास त्वरित कळवावे.’ बाबांनी अद्याप काही कळवलेले नाही. बँकेच्या लेखी त्यांची हरकत नाही.

क्रमांक थोरलीने बदललेला नाही. आई तो फोन रोज चार्ज करते आणि बुटांची चौकशी करते.

वाचकांनी हसण्यापूर्वी, आपल्यासाठी पहिल्याच रिंगला फोन उचलणाऱ्या माणसाला आपण ओटीपीखेरीज दुसऱ्या कशासाठी शेवटचा फोन कधी केला, याची खातरजमा करून घ्यावी. (मुदत मर्यादित.)