खोटं पकडणारं यंत्र आणि जांभळं गांडूळ

खरेपणा हा शिक्षणाचा पाया आहे, आणि पाया म्हटला की तो जमिनीखाली असतो, कुणाला दिसत नाही. टॅलिव्हर कॉलेजात तो पाण्याखाली आहे.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या या कॉलेजात परीक्षेत नक्कल करणाऱ्याला समज देतात. (पहिल्यांदा तोंडी, दुसऱ्यांदा लेखी; तिसऱ्यांदा पोरगं व्यवसायात नाव काढणार असं धरून चालतात.) पण बास मासे पकडण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या आलेल्या जोडीला मात्र मोटेलच्या खोलीत नेऊन, बोटांना तारा लावून, छातीला पट्टा आवळून, खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवतात. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या एकाही परिचारिकेला, हिशेबनिसाला किंवा पाद्र्याला असं आजवर कुणी बसवलेलं नाही. बरोबरच आहे. त्यांच्या हातून फार तर माणूस मरेल, पैसा जाईल, आत्म्याचा स्वर्ग हुकेल. इथे माशाच्या वजनाचा प्रश्न आहे.

हा खेळ कॉलेजच्या दप्तरी 'क्लब' म्हणून आहे, म्हणजे विद्यार्थी तो हौसेने खेळतात. हौसेसाठी प्रत्येक जोडीला एक चकाकती नाव, नावेला एवढं इंजिन की मासा दचकून दुसऱ्या जिल्ह्यात जावा, आणि नाव ओढायला ट्रक लागतो. नावा ठेवायला जागा हवी होती म्हणून फ्रेंच विभाग बंद केला. बिग चिनाबी तळ्यात फ्रेंच समजणारा मासा आढळत नाही, हे कारण कार्यवृत्तात नोंदवलेलं आहे.

नियम साधे आहेत. एका नावेत दोघे. दिवसभरात धरलेल्यांपैकी सर्वांत वजनदार पाच मासे टाकीत जिवंत आणायचे, तोलायचे आणि परत तळ्यात सोडायचे. मासा मेला तर वजन कापतात. म्हणून टाकीत बर्फ असतो, औषध असतं, हवेचे बुडबुडे असतात. क्लबच्या वार्षिक अहवालानुसार टॅलिव्हरच्या हाती लागलेल्या माशांपैकी सत्त्याण्णव टक्के धडधाकट घरी परततात. कॉलेजच्या हाती लागलेल्या विद्यार्थ्यांपैकी पदवी घेऊन घरी परतणारे एकेचाळीस टक्के. (विद्यार्थ्यांच्या टाकीत बर्फ घालत नाहीत.)

लँड्री पिट्स हा या एकेचाळीस टक्क्यांत बसायला निघालेला पोरगा. आई वनीटा कोंबड्यांच्या कारखान्यात कोंबड्या कापण्याच्या पट्ट्यापाशी उभी असते. बाप कुठे उभा असतो ते त्यालाच ठाऊक. लँड्रीचं शिक्षण चाललं होतं ते ग्रिटबाइट शिष्यवृत्तीवर. ग्रिटबाइट ही रबरी आमिषं बनवणारी कंपनी. तिने शिष्यवृत्तीसाठी दोनच अटी घातल्या होत्या. मुलगा गुणी हवा, आणि व्यासपीठावर मासा उंच धरून 'हा कशावर लागला?' असं विचारलं की त्याने 'ग्रिटबाइटवर' म्हणायला हवं. पहिल्या अटीबाबत कंपनी उदार होती.

त्याच्या अंगातल्या शर्टावर इतक्या कंपन्यांची नावं होती की त्याचं स्वतःचं नाव कमरेखाली, बसल्यावर दबेल अशा जागी गेलं होतं. पोरगं कृतज्ञ होतं. कृतज्ञ नसतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

त्या शनिवारी राज्याची अंतिम फेरी. पाद्रीबुवांनी इंजिनांना आशीर्वाद दिले आणि नावा सुटल्या. लँड्रीचा जोडीदार हॉलिस गॅरिसन, नावा विकणाऱ्या गॅरिसनचा मुलगा, सुकाणूवर होता. दुपारपर्यंत दोघांनी ग्रिटबाइटचं प्रत्येक मॉडेल पाण्यात घालून पाहिलं. 'क्रोधिष्ट खेकडा' घातला, 'विधवेचं दुःख' घातलं. मासे येत, बघत आणि निघून जात. चार बारके मासे टाकीत होते, तेही बहुधा दृष्टिदोषाचे असावेत.

"संपलं," हॉलिस म्हणाला. "आता सँडविच खाऊ या."

लँड्रीने शर्टाच्या आतून एक पिशवी काढली. तिच्यात एक जांभळं गांडूळ होतं. रबरी, पण घरचं. फाटकी-तुटकी, फेकलेली आमिषं वनीटा तळ्याकाठून गोळा करी, जुन्या दुधाच्या भांड्यात वितळवी आणि साच्यात ओती. नियमात बसणारी गोष्ट होती; आमिष खोटं असावं एवढंच नियमाला हवं होतं. लँड्रीच्या लहानपणीची सगळी बिस्किटं त्यामुळे किंचित रबराच्या वासाची होती आणि वनीटाची बोटं कायमची जांभळी. त्या गांडुळात तिने काय कालवलं होतं देव जाणे. एका बुडालेल्या ओंडक्याजवळ ते पाण्यात पडलं आणि तळ्याने गळाची काठी खेचली.

मासा नावेत आला तेव्हा हॉलिसच्या हातातलं सँडविच पाण्यात पडलं. मग दुसरा. मग आणखी तीन. ती चार आंधळी पिल्लं त्यांनी सन्मानाने परत पाठवली.

"कसलं आहे रे हे?" हॉलिसने विचारलं.

"आईचं."

"मला देशील एक?"

"एकच आहे. आणि वर जाऊन बोलू नको हां, हॉलिस. पाया पडतो."

"मी कशाला बोलू? मी तर पाहिलंच नाही," हॉलिस म्हणाला, आणि त्याने ते खरोखरच पाहिलं नव्हतं असं त्या क्षणापासून त्याला वाटू लागलं. सुखी घरातल्या मुलांना ही देणगी असते.

तोलाच्या व्यासपीठावर गर्दी उसळली. दोन्ही हातांत दोन मासे, तोंडं उघडी. माशांचीही आणि लँड्रीचंही. निवेदकाने माइक पुढे केला. "सांग पोरा, हा राक्षस लागला कशावर?"

पहिल्या रांगेत वनीटा उभी होती. कारखान्यातून सरळ आलेली, केसांवरची जाळी तशीच. तिने जांभळ्या बोटांचा हात वर केला होता.

"ग्रिटबाइटवर, साहेब," लँड्री माशासकट हाताने कान खाजवत म्हणाला. "'विधवेचं दुःख'. दुसरं काही बांधतच नाही मी."

"एकदम बरोबर!" हॉलिस ओरडला.

टाळ्या पडल्या. वनीटाचा हात खाली गेला, आणि मग खाली गेलेला हात काहीतरी करावं म्हणून पर्स चाचपू लागला.

खडीच्या वाहनतळावर तो तिला भेटला तेव्हा ती ट्रकच्या पायरीवर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होती.

"आई, ते मी..."

"गप. बरं केलंस. फी कोण भरणार होतं, गांडूळ?" तिने एक शेंग त्याच्या हातावर ठेवली. "कितीदा सांगितलं, खोटं बोलताना कान खाजवत जाऊ नको. तुझा बाप खाजवायचा."

"तुला वाईट वाटलं?"

"मला काय वाटायचंय? मी विधवा थोडीच आहे," ती म्हणाली आणि पुढची शेंग तिने जरा जास्तच जोरात फोडली.

मग जोडीला यंत्रापुढे बोलावलं.

यंत्र चालवणारे मिस्टर ओडम हे निवृत्त पोलीस. आयुष्यभर त्यांनी खुनी आणि दरोडेखोर तपासले, आता कोळी तपासतात. हे काम जास्त जबाबदारीचं आहे असं ते सांगतात. आधी हॉलिस बसला. 'पाण्यात उतरल्यापासून आतापर्यंत कुणाशी खोटं बोललात?' 'नाही.' सुई हलली नाही. हॉलिसचा अर्धा डोळा लागला होता.

मग लँड्री.

"पाण्यात उतरल्यापासून आतापर्यंत कुणाशी खोटं बोललात?"

"नाही."

सुई कागदाबाहेर गेली. ओडम साहेबांनी चष्मा पुसला. "पोरा, अर्धा तास देतो. पाणी पी, आठव, परत ये. परत असंच झालं तर दोघेही बाद."

बर्फाच्या यंत्राशेजारच्या बोळात कोच डुएन स्ट्रिकलंड यांनी त्याला गाठलं. कोच हे कॉलेजात चारित्र्यसंवर्धन हा विषयही शिकवतात. लँड्रीने सगळं सांगितलं. कोचच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"मासे आपले आहेत ना? चोरीचे नाहीत? वजन वाढवायला पोटात शिसं नाही ना घातलं?"

"नाही कोच. मासे खरे आहेत. माझं बोलणं खोटं आहे."

"अरे कर्मा! उलटं असतं तर सांभाळून घेतलं असतं." कोचनी भिंतीला डोकं टेकवलं. मग त्यांनी मार्ग काढला; माणूस अनुभवी होता. "हे बघ बाळा. आत जा आणि सांग, मासा तळ्याच्या बंदी असलेल्या खाडीत धरला. करंडक जाईल, एक वर्ष बाहेर बसशील. पुढच्या वर्षी पश्चात्तापाचं भाषण करशील, मी स्वतः लिहून देतो. कंपनीला पश्चात्ताप आवडतो. शिष्यवृत्ती शाबूत."

"पण मी खाडीत गेलोच नव्हतो."

"म्हणून काय झालं?"

"यंत्राला कळेल ना!"

"यंत्र 'नाही' म्हणणाऱ्यावर उडी घेतं रे. 'हो' म्हणणाऱ्याची चौकशी कोण करतं? मासा चोरलास तर तू चुकलेला मुलगा आहेस. कंपनीच्या मालाबद्दल खोटं बोललास म्हणालास, तर तू नालायक आहेस. फरक समजून घे."

तेवढ्यात हॉलिस धावत आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ए लँड्री, वेडाबिडा झालास का? खाडीत म्हणालास तर माझा करंडक जातो! खरं सांग रे बाबा. माणसाने नेहमी खरं बोलावं. माझे वडील सांगतात."

अशा तऱ्हेने टॅलिव्हर कॉलेजात सत्याची बाजू घेणारा पहिला माणूस निघाला.

लँड्री बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. तिथून खडीचा वाहनतळ दिसत होता. वनीटा अजून पायरीवर होती. शेजारी उभ्या असलेल्या बाईने तिला काहीतरी विचारलं असावं. बाई व्यासपीठाकडे बोट दाखवत होती. वनीटाने दोन्ही हात पर्सखाली घेतले. बोटं लपवली तिने.

तो आत गेला. पुन्हा तारा, पुन्हा पट्टा.

"कुणाशी खोटं बोललात?"

"हो साहेब. सगळ्यांशी. मासे ग्रिटबाइटवर लागले नाहीत. ते बघून मासे तोंड फिरवतात. माझ्या आईने स्वयंपाकघरात ओतलेल्या गांडुळावर लागले. जांभळं असतं. तिचं नाव वनीटा पिट्स. ती बाहेर बसली आहे."

ओडम साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "इतकी सरळ रेघ मी नोकरीत एकदाच पाहिली होती," ते म्हणाले, "आणि तेव्हा यंत्राचा प्लग निघालेला होता."

करंडक कायम राहिला. मासे खरे, नियम पाळलेले, समितीला काही करता येईना. पण समिती स्वस्थ बसणारी नव्हती. तिने यंत्राचा प्रश्न दुरुस्त केला. आता 'पाण्यात उतरल्यापासून आतापर्यंत' नाही, 'पाण्यात असताना' एवढंच विचारतात. काठावर पाय टेकला की सत्याची मुदत संपते. व्यासपीठ काठावरच आहे. ओडम साहेबांना मानपत्र देऊन निरोप देण्यात आला.

लँड्रीची शिष्यवृत्ती प्रामाणिकपणाच्या कलमाखाली काढून घेतली. कलमात प्रामाणिकपणाची व्याख्या 'कंपनीच्या मालाशी' अशी होती; ती लँड्रीने वाचली नव्हती. (वाचनाचा तास सरावाच्या वेळेत येई.) चारित्र्यसंवर्धनात कोचनी त्याला नापास केलं, पण पाठीवर हात ठेवून केलं. वाहनतळावर तो आईला एवढंच म्हणाला, "मी तुझं नाव घेतलं." वनीटाने त्याच्या थोबाडीत मारली, मग त्याचं डोकं पोटाशी धरून ठेवलं, आणि त्याच्या कानशिलावर जांभळं काही उठलं नाही, कारण बोटांचा तो रंग आता सुटत नाही. तो सध्या कारखान्यात तिच्या शेजारी उभा असतो. माशांपेक्षा कोंबड्यांचं बरं, तो सांगतो. त्या कशावर लागल्या असं कुणी विचारत नाही.

पुढच्या हंगामात ग्रिटबाइटने नवीन माल बाजारात आणला. जांभळं गांडूळ, नाव 'आईची शपथ'. वेष्टनावर केसांना जाळी घातलेली एक हसरी बाई आहे, ती वनीटा नाही, बोटं गोरी आहेत. सोबत कंपनीच्या वकिलाचं वनीटाला पत्र आलं: जांभळा रंग यापुढे घरी ओतू नये. तिने आता हिरवा सुरू केला आहे. राज्याच्या अंतिम फेरीत हॉलिसने मासा उंच धरला, डोळ्यांत पाणी आणून आईची शपथ घेतली आणि पहिला आला. यंत्रापुढे तो यंदा पूर्ण झोपला.

इथे कथा संपते, आणि वाचकाच्या मनात चीड दाटून येते. यावी. कसलं कॉलेज, कसला कोच, कसली ही माणसं, असं तुम्ही म्हणालाच असाल. आता फक्त एक कामाची गोष्ट सांगायची राहिली. लँड्रीची जागा अजून भरलेली नाही. राहणं, जेवण, परदेशी पदवी, सगळं कंपनीकडून. मासा पकडता आलाच पाहिजे असं नाही, शिकवतात. व्यासपीठावर एक वाक्य म्हणायचं, तेवढं आलं की झालं.

हे वाचताना आपल्या घरातला, बहिणीचा किंवा शेजारचा एखादा मुलगा तुमच्या डोळ्यांपुढे आला का?

नाही म्हणा. बोटांना तार नाही तोवर म्हणून घ्या. फक्त तो कान खाजवू नका.